तेवढ्याच वजनाची, पण तीच नव्हे

एप्रिल १९६७. दक्षिण व्हिएतनामच्या वायव्य टोकाला, खे सान्हजवळच्या टेकड्यांवर अमेरिकेचे मरीन सैनिक उत्तर व्हिएतनामी फौजेशी झुंजत होते. या टेकड्यांना नावे नव्हती. नकाशावरच्या उंचीवरून त्यांना ८६१ आणि ८८१ म्हणत. सैनिकांच्या हातात नुकतीच आलेली एम-१६ रायफल होती. हलकी, वेगवान, नव्या जमान्याची. ऐन चकमकीत ती अडकू लागली. गोळी सुटायची, पण रिकामी पुंगळी चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीतून, बाहेर यायची नाही. मग नळीच्या तोंडातून सफाईची सळई घालून ती पुंगळी ठोकून काढायची आणि पुढची गोळी झाडायची, हे समोरून मारा होत असताना. पुढच्याच महिन्यात, मेमध्ये, एका मरीनने घरी लिहिलेले पत्र न्यू जर्सीतल्या वर्तमानपत्रात छापले गेले. आपले जे साथीदार मेले, त्यांतल्या बहुतेकांच्या शेजारी खोलून ठेवलेली रायफल सापडली, असे त्यात होते. ते पत्र अमेरिकी संसदेत पोहोचले; तिथे चौकशी समिती आधीच बसलेली होती.

मिसुरीचे प्रतिनिधी रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने ऑक्टोबर १९६७ मध्ये अहवाल दिला. समितीचे बोट रायफलीपेक्षा काडतुसाकडे होते, आणि काडतुसातही एका घटकाकडे: दारूकडे. एका प्रकारच्या दारूच्या जागी दुसरी घातली गेली होती. पुरेशा चाचण्यांनी त्या बदलाचे समर्थन झालेले नव्हते, असा समितीचा निष्कर्ष होता, आणि दोष कळल्यावरही वेळेत हालचाल न करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांविषयी तिने फार कठोर शब्द वापरले.

काडतुसात चारच वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली, ठोका बसताच पेटणारी छोटी टोपी, म्हणजे प्रायमर, पुंगळीतली धूरविरहित दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. यातली एखादी मिळेनाशी झाली, महाग झाली किंवा कायद्याने बंद झाली, की तिच्या जागी ‘तशीच’ दुसरी घालायचा विचार येतो. अमेरिकेत घरच्या घरी काडतुसे भरणारे लाखो शिकारी आणि नेमबाज आहेत, आणि हा प्रश्न त्यांच्यापुढे वारंवार येतो. एम-१६ची कथा त्यांच्यासाठी मोलाची आहे, कारण तिथे बदल करणाऱ्यांकडे प्रयोगशाळा होत्या, रसायनतज्ज्ञ होते, दाब मोजायची यंत्रे होती. तरीही चूक झाली. ती कशी झाली, हे नीट पाहायला हवे.

यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत ही रायफल विकसित केली तेव्हा तिच्या काडतुसात ड्यूपाँट कंपनीची आयएमआर ४४७५ ही दारू होती. बारीक नळकांडीसारखे कण असलेली ही दारू होती, आणि रायफलीचे सारे गणित तिच्यावर बसलेले होते. सैन्याने रायफल स्वीकारताना दोन अटी घातल्या. नळीपासून पंधरा फुटांवर गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट भरला पाहिजे आणि चेंबरमधला दाब चौरस इंचाला ५२,००० पौंडांची मर्यादा ओलांडता कामा नये. या दोन्ही अटी एकाच वेळी, लाखो काडतुसांच्या उत्पादनात सांभाळणे आयएमआर ४४७५ला जमेना. ड्यूपाँटने तशी हमी द्यायला नकार दिला. मग १९६४मध्ये पर्यायी दारूंना मंजुरी मिळाली आणि बहुतांश काडतुसांत ऑलिन मॅथिसन कंपनीची डब्ल्यूसी ८४६ ही गोल कणांची ‘बॉल’ दारू भरली जाऊ लागली. ती नवखी नव्हती. सैन्याच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसात ती आधीपासून वापरात होती. वेग बरोबर, कमाल दाब बरोबर. कागदावर दोन्ही खुणा बरोबरच्या झाल्या.

पण रायफल केवळ या दोन आकड्यांवर चालत नाही. एम-१६मध्ये गोळी नळीतून जात असताना नळीला असलेल्या एका छिद्रातून थोडा वायू मागे घेतला जातो आणि त्याच्या जोरावर पुढचे काडतूस भरले जाते. चेंबरमधला सर्वोच्च दाब दोन्ही दारूंचा सारखा असला, तरी बॉल दारू सावकाश जळत असल्याने गोळी त्या छिद्रापाशी पोहोचेपर्यंत दाब जास्त टिकून राहायचा. परिणामी यंत्रणा ठरल्यापेक्षा जोरात मागे फेकली जाऊ लागली. मिनिटाला ८५० फैरींची मर्यादा ओलांडून वेग हजाराकडे जाऊ लागला. भाग झिजू लागले, आणि चेंबरमधली पुंगळी पुरती सैल होण्याआधीच ती ओढली जाऊ लागली. शिवाय बॉल दारू बनवताना राहिलेली आम्लता मारायला तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट असते. त्याचा थर वायूच्या बारीक नलिकेत साचू लागला. त्यात भर म्हणजे चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, तो दमट हवेत गंजायचा. आणि या रायफलीला फारशी साफसफाई लागत नाही अशी समजूत पसरल्यामुळे सफाईचे साहित्य पुरेसे पोहोचलेलेच नव्हते.

चौकशीतली आणखी एक गोष्ट मन अस्वस्थ करते. बॉल दारूच्या काडतुसांनी रायफली फैरींच्या वेगाच्या चाचणीत नापास होत आहेत, हे उत्पादक कोल्ट कंपनीला दिसले होते आणि तिने ते सैन्याला कळवलेही होते. उपाय म्हणून कोल्टला कारखान्यातल्या चाचणीसाठी जुन्या प्रकारची दारू वापरायची मुभा मिळाली. म्हणजे रायफल एका काडतुसावर उत्तीर्ण व्हायची आणि दुसरे काडतूस घेऊन रणांगणावर जायची. स्टोनर यांनी समितीला सांगितले, की दारू बदलण्याबद्दल त्यांचे मत विचारले गेले ते निर्णय झाल्यानंतर.

पुढे सुधारणा झाल्या. चेंबरला क्रोमचा मुलामा आला, मागे येणाऱ्या यंत्रणेचा वेग आवरणारा नवा बफर आला, दारूतले कॅल्शियम कार्बोनेट एक टक्क्याच्या मर्यादेवरून पाव टक्क्यावर आणले गेले. सैनिकांना सफाई शिकवायला चित्रकार विल आइसनर यांनी काढलेली चित्रमय पुस्तिका वाटली गेली. रायफल सुधारली आणि तिचे वंशज आजही वापरात आहेत. बॉल दारूही वापरात राहिली, कारण ती मुळात वाईट नव्हतीच. या यंत्रासाठी, या घडीला, तपासल्याशिवाय ती घातली गेली, एवढाच तिचा दोष. हा फरक महत्त्वाचा आहे. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उदाहरणात बदली वस्तू स्वतः चांगलीच आहे.

आता सैन्याच्या गोदामातून घरातल्या टेबलाकडे येऊ. अमेरिकेत झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरण्याचा छंद मोठा आहे. पुंगळी हा काडतुसाचा सगळ्यात महाग भाग, आणि नीट सांभाळली तर ती अनेकदा वापरता येते. जुनी टोपी काढायची, पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, लांबी तपासायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, गोळी बसवायची. दारूचे वजन ‘ग्रेन’मध्ये होते, एक ग्रेन म्हणजे सुमारे पासष्ट मिलिग्रॅम. हरणाच्या शिकारीत लोकप्रिय असलेल्या .३०८ विंचेस्टर काडतुसात साधारण अडीच ते तीन ग्रॅम दारू मावते. एवढीशी दारू चेंबरमध्ये चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरात दाब निर्माण करते. मोटारीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येते. आणि हे सारे नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर घडते.

हा दाब किती असावा याची मर्यादा अमेरिकेत सामी ही उत्पादकांची संस्था ठरवते. १९२६ साली सरकारच्या सूचनेवरून ती स्थापन झाली. तिच्या मर्यादेत राहून दारूचे आणि गोळ्यांचे उत्पादक आपापल्या प्रयोगशाळांत दाब मोजतात आणि पुस्तिका छापतात. अमुक काडतूस, अमुक गोळी, अमुक कंपनीची पुंगळी, अमुक टोपी आणि अमुक दारू घेतली तर सुरुवात किती वजनापासून करायची आणि कुठे थांबायचे, हे त्यात असते. छापलेला प्रत्येक आकडा त्या चौघांच्या एकत्र कामगिरीचा असतो. चौघांपैकी एक बदलला, की तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. घरी भरणाऱ्याने खरे तर एवढेच पक्के धरायला हवे, पण टंचाईत नेमके हेच सुटते.

टंचाई अलीकडे चांगलीच अनुभवाला आली. २०२० साली कोविडच्या काळात अमेरिकेत बंदुकांची आणि काडतुसांची विक्री प्रचंड वाढली. त्याच वर्षी रेमिंग्टन ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचा दारूगोळ्याचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीने विकत घेतला. टोप्या दुकानांतून नाहीशा झाल्या. त्यानंतर युक्रेनचे युद्ध पेटले आणि दारूचा मूळ पदार्थ असलेल्या नायट्रोसेल्युलोजला सैन्यांकडून मोठी मागणी आली. नेहमीचा डबा मिळेना, तेव्हा लोक फळीवर जे आहे ते उचलून पाहू लागले. ते समजण्याजोगे आहे. धोका सुरू होतो तो डब्यावरचे नाव वाचून ‘ही तीच’ असे गृहीत धरण्यापाशी.

दारूच्या नावांचा घोटाळा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या .३०-०६ काडतुसांसाठी ड्यूपाँटची ४८९५ दारू मोठ्या प्रमाणावर बनली. युद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली दारू विकत घेऊन शिकाऱ्यांना स्वस्तात विकायला सुरुवात केली. त्यातून त्यांची कंपनी उभी राहिली. उरलेला साठा संपला, तेव्हा त्यांनी तशाच गुणांची नवी दारू बनवून घेतली आणि तिला एच ४८९५ हे नाव दिले. ड्यूपाँटची परंपरा आयएमआर ४८९५ म्हणून चालू राहिली. आज बाजारात या दोन्ही आहेत, दोन्हींवर ४८९५ हाच आकडा आहे, आणि दोन्हींच्या मात्रा वेगळ्या आहेत. ४८३१चेही तसेच. हॉजडन यांची मूळ ४८३१ वीस मिलिमीटर तोफेच्या उरलेल्या साठ्यातून आली होती. ड्यूपाँटने १९७०च्या दशकात आपली आयएमआर ४८३१ बाजारात आणली, ती थोडी जलद जळणारी निघाली. जुन्या एच ४८३१ची कमाल मात्रा नव्या आयएमआरची घातली, तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. ४३५० या आकड्याच्या तर तीन वेगळ्या छापांच्या तीन दारू आहेत. आणि गंमत अशी, की २००३पासून आयएमआरही हॉजडनकडेच आहे. मालक एक, आकडा एक, दारू मात्र दोन.

उलटेही घडते. ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला इथल्या कारखान्यात बनणारी एआर २२०६ एच ही दारू अमेरिकेत एच ४८९५ या नावाने विकली जाते. पिस्तुलांत आणि काही छोट्या रायफल काडतुसांत चालणारी हॉजडनची एच ११० आणि विंचेस्टरची २९६ याही एकच आहेत, आणि हे उत्पादकच सांगतो. इथे नावे दोन, वस्तू एक. तेव्हा सारखेपणा नावावरून ठरत नाही आणि वेगळेपणाही नाही. तो उत्पादकाच्या स्पष्ट लेखी सांगण्यावरूनच ठरवता येतो.

यावर अनेक जण ‘जळण्याच्या वेगाच्या’ तक्त्याकडे वळतात. या तक्त्यात दारूंची यादी जलद ते मंद अशा क्रमाने असते. तक्त्यात शेजारी असलेल्या दोन दारू एकमेकींच्या जागी चालतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तक्ता फक्त क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात केसभराचा फरक असू शकतो, चौथ्या आणि पाचव्यात बराच मोठा. शिवाय हा क्रम सगळ्या काडतुसांत कायम राहत नाही. कण केवढे आहेत, त्यांच्यावर जळणे मंदावणारा लेप किती आहे, पुंगळी किती भरली आहे, गोळी किती जड आहे, या सगळ्यांनी जळण्याची गती बदलते. म्हणून हा तक्ता कोणती दारू शोधावी हे ठरवायला उपयोगी आहे. किती घालावी हे ठरवायला तो कधीच वापरू नये.

तसाच एक भ्रम कमी दारूबद्दलचा. ‘खात्री नाही ना, मग थोडी कमीच घालू’ हे वरवर शहाणपणाचे वाटते. बहुतेक वेळा छापलेल्या सुरुवातीच्या मात्रेपासून आरंभ करणे योग्यच असते. पण त्याही खाली जाणे प्रत्येक दारूला मानवत नाही. मोठ्या पुंगळीत मंद दारू अगदी थोडी घातली, तर ती आडवी पसरते, वेडीवाकडी पेटते, आणि काही नोंदलेल्या प्रसंगांत कमी मात्रेनेच रायफली फुटल्या आहेत. हॉजडन कंपनी एच ११० फारशी कमी करू नका असे बजावते, आणि तीच कंपनी एच ४८९५ मात्र बरीच कमी करून नवशिक्यांसाठी सौम्य काडतुसे भरता येतील असे सांगते. दोन्ही सल्ले एकाच घरचे आहेत, दारूचा स्वभाव निराळा आहे. इथे अंदाज कामाचा नाही.

टोपीकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. आकाराने ती मसुराच्या दाण्याएवढी असते, त्यामुळे ‘बसली म्हणजे झाले’ असे वाटते. लहान रायफल टोपी आणि लहान पिस्तूल टोपी यांचा व्यास सारखाच असतो. पिस्तुलाची टोपी रायफलीच्या पुंगळीत सहज बसते. पण पिस्तुलाच्या टोपीचा पत्रा पातळ असतो, कारण तिला तेवढा दाब सोसायचा नसतो. रायफलीच्या दाबाखाली ती भेदली जाऊन तापलेला वायू बोल्टमधून, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागातून, थेट नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. मोठ्या टोप्यांत फरक उंचीचा आहे. मोठी रायफल टोपी मोठ्या पिस्तूल टोपीपेक्षा उंच असते. पिस्तुलाच्या पुंगळीत ती बाहेर डोकावते.

मग ‘मॅग्नम’ टोप्या आहेत. त्यांची ज्वाला जास्त उष्ण, जास्त वेळ टिकणारी. गोल कणांच्या दारूला पेटवायला किंवा कडाक्याच्या थंडीत त्या उपयोगी पडतात. साध्या टोपीच्या जागी मॅग्नम घातली, तर काही जोड्यांत फरक नगण्य असतो आणि काहींत दाब लक्षणीय वाढतो. आधी सांगता येत नाही. सैनिकी बनावटीच्या रायफलींचा प्रश्न आणखी वेगळा. एम-१ गॅरंड, एम-१४ किंवा एआर-१५ यांत टोपीवर ठोका देणारी पिन स्प्रिंगशिवाय मोकळी असते. बोल्ट जोरात पुढे येताना ती टोपीला हलकेच स्पर्श करते. टोपी फार संवेदनशील असेल किंवा नीट आत बसलेली नसेल, तर चाप ओढण्याआधीच काडतूस सुटू शकते, आणि तेही बोल्ट पुरता कुलूपबंद होण्यापूर्वी. म्हणून अशा रायफलींसाठी कमी संवेदनशील, जाड पत्र्याच्या टोप्या स्वतंत्रपणे बनवल्या जातात. दुकानात टोप्या नसतात तेव्हा हा बारकावा विसरला जातो, आणि या विषयात तो विसरणे परवडणारे नाही.

पुंगळ्यांच्या बाबतीत फरक आतून असतो. सैन्याच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाची पुंगळी आणि .३०८ विंचेस्टरची पुंगळी बाहेरून जवळपास सारख्या. पण सैनिकी पुंगळीच्या भिंती सहसा जाड असतात, त्यामुळे आतली जागा कमी. तीच दारू, तेवढीच मात्रा, कमी जागेत: दाब वाढणार. व्यापारी पुंगळीत मर्यादेत असलेली मात्रा सैनिकी पुंगळीत मर्यादा ओलांडू शकते. काळजीने काम करणारे भरणारे म्हणूनच पुंगळ्या उत्पादकानुसार वेगळ्या ठेवतात आणि आतली जागा पाणी भरून, त्या पाण्याचे वजन करून पडताळतात.

इथे महाराष्ट्राचा एक धागा सापडतो. पुण्याजवळ खडकीला १८६९ साली स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात बनलेली .३०३ काडतुसे पुढे उरलेला साठा म्हणून परदेशांत विकली गेली, आणि अमेरिकेतल्या ली-एन्फिल्ड रायफलींच्या शौकिनांकडे ती पोहोचली. पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरे, म्हणजे किर्की फॅक्टरी. पुन्हा भरायला मात्र या पुंगळ्या गैरसोयीच्या, कारण त्यांत बर्डन पद्धतीची टोपी असते. या पद्धतीत टोपीमागे मधोमध एक भोक नसते, बाजूला दोन बारीक भोके असतात. घरगुती साच्याची पिन मधल्या भोकातून टोपी ढकलून काढते. इथे ती पितळेवर आपटून मोडते. अमेरिकेत रूढ आहे ती बॉक्सर पद्धत, एका भोकाची. एडवर्ड बॉक्सर ब्रिटिश आणि हिराम बर्डन अमेरिकन, पण ब्रिटिश माणसाची पद्धत अमेरिकेने आपली केली आणि अमेरिकन माणसाची युरोपात व ब्रिटिश साम्राज्याच्या कारखान्यांत रुजली.

गोळीची अदलाबदल हा सगळ्यात फसवा भाग, कारण गोळीवर वजन छापलेले असते आणि वजन सारखे दिसले की मनाची खात्री पटते. कॅलिफोर्नियातली घटना हे उत्तम दाखवते. तिथला काँडर हा प्रचंड पंखांचा गिधाडवर्गीय पक्षी १९८२ साली जगात अवघा २२ उरला होता. १९८७मध्ये उरलेले सगळे २७ पक्षी पकडून पिंजऱ्यातल्या प्रजननासाठी ठेवले गेले. पुढे त्यांना जंगलात सोडले, तरी ते मरत राहिले आणि त्याचे मोठे कारण शिसे होते. शिशाच्या गाभ्याची गोळी हरणाच्या अंगात फुटते, तिचे बारीक कण शिकाऱ्याने मागे टाकलेल्या आतड्यांत राहतात आणि ते खाणाऱ्या काँडरला विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने २००८मध्ये काँडरच्या प्रदेशात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली, आणि १ जुलै २०१९पासून ती शिकारीपुरती साऱ्या राज्यात लागू झाली. हा कायदा योग्यच होता. पण त्यामुळे असंख्य शिकाऱ्यांना शिशाच्या जागी निव्वळ तांब्याची गोळी भरावी लागली.

शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, तांब्याची जेमतेम ९ पट. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी म्हणूनच लांब असते. काडतुसाची एकूण लांबी ठरलेली असते, तेव्हा ही जास्तीची लांबी पुंगळीच्या आत जाते आणि दारूची जागा खाते. तांबे शिशाइतके सहज दबतही नाही. नळीतल्या सर्पिल खाचांत शिरताना ते जास्त विरोध करते. दोन्ही कारणांनी दाब बदलतो. युटामधल्या बार्न्स कंपनीची निव्वळ तांब्याची पहिली ‘एक्स’ गोळी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आली, तेव्हा तिच्यामुळे नळीत तांब्याचा थर बसतो आणि दाब वाढतो अशा तक्रारी होत्या. २००३मध्ये कंपनीने गोळीच्या अंगावर आडव्या खाचा पाडल्या. सरकलेल्या धातूला जायला जागा मिळाली आणि दाब नियंत्रणात आला. म्हणजे तांब्याच्या दोन गोळ्याही एकमेकींच्या जागी बिनविचार चालत नाहीत. लांब गोळी हवेत स्थिर राहायला नळीतल्या खाचांचा पीळही जास्त लागतो, हा आणखी एक मुद्दा. जुन्या, कमी पिळाच्या नळीतून ती डगमगत जाते. तांब्याकडे वळणाऱ्याने तांब्याच्या त्या विशिष्ट गोळीसाठी छापलेली मात्राच घ्यावी, हे गोळ्यांचे उत्पादक आवर्जून सांगतात.

मग बदल करायचाच असेल, तर जाणते लोक काय करतात? एका वेळी एकच घटक बदलतात. बदल केल्यावर छापलेल्या सुरुवातीच्या मात्रेपर्यंत, म्हणजे सहसा कमाल मात्रेच्या दहा टक्के खाली येतात आणि तिथून थोडे थोडे वर चढतात. प्रत्येक पायरीला रायफल काय सांगते ते बघतात: बोल्ट उचलायला जड जातोय का, टोपी चपटी होऊन तिच्या कडा पसरल्यात का, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ओरखडा उमटलाय का. ही चिन्हे दिसली तर थांबायचे. पण ती दिसली नाहीत म्हणजे दाब ठीक आहे, असेही नाही. टोपीचा पत्रा जाड असेल, तर दाब मर्यादेपलीकडे गेला तरी ती चपटी होत नाही. म्हणून अधिक विश्वासाचा साक्षीदार म्हणजे वेग मोजणारे क्रोनोग्राफ यंत्र. पुस्तिकेत कमाल मात्रेला जो वेग दिलाय, तो आपल्या रायफलीत त्याआधीच गाठला जात असेल, तर दाबही तिथे पोहोचलेला आहे असे समजून मागे फिरायचे. वेग फुकट मिळत नाही.

बाकीची शिस्त टेबलावरची. एका वेळी एकच डबा उघडा ठेवायचा. मापकात उरलेली दारू लगेच मूळ डब्यात परत घालायची. ज्या बरणीवर नाव नाही, तिच्यातली दारू रंग-आकार कितीही ओळखीचे वाटोत, वापरायची नाही, नष्ट करायची. दोन दारू एकत्र करायच्या नाहीत. डब्याचा लॉट, म्हणजे उत्पादनाची तुकडी, बदलला, तरी कमाल मात्रेच्या जवळ असाल तर पुन्हा खालून सुरुवात करायची, कारण एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही थोडा फरक असतो. यातला कोणताही नियम अवघड नाही. तो घाईत मोडला जातो, शिकारीचा हंगाम उद्यावर आला आणि डबा संपला, अशा वेळी.

रायफल कोणती, हाही बदललेला घटकच आहे. .४५-७० हे काडतूस १८७३ साली अमेरिकी सैन्याच्या ‘ट्रॅपडोअर’ स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी, काळ्या दारूच्या जमान्यात आले. आजही ते बनते, आणि त्याच मापाच्या आधुनिक, कितीतरी मजबूत रायफलीही आहेत. म्हणून अनेक पुस्तिका या एकाच काडतुसासाठी तीन वेगळे विभाग छापतात: जुन्या ट्रॅपडोअरसाठी, लिव्हरने भरायच्या मार्लिनसाठी, आणि रुगरच्या दणकट एकफैरी रायफलीसाठी. तिसऱ्या विभागातले काडतूस पहिल्या रायफलीत अलगद बसते. ते झाडले, तर दीडशे वर्षांच्या लोखंडावर त्याच्या ताकदीपलीकडचा भार पडतो. घरी भरलेल्या डबीवर मात्रा, तारीख आणि रायफलीचे नाव लिहून ठेवायचा आग्रह यासाठीच. डबी वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाते, भरणाऱ्याची आठवण जात नाही.

भारतात हे सगळे घरी करण्याचा प्रश्न येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसे बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना त्यासाठी पुरत नाही. पिकाच्या राखणीसाठी किंवा स्वसंरक्षणासाठी परवान्याची .३१५ रायफल बाळगणारा माणूस कारखान्यात बनलेली काडतुसेच विकत घेतो. पण पर्यायी काडतुसाचा प्रश्न आपल्याकडच्या नेमबाजांनाही सुटलेला नाही, फक्त त्याचे रूप वेगळे आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१०मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकले. या प्रकारांत वापरले जाणारे .२२ रिमफायर काडतूस पुन्हा भरता येत नाही; त्यात वेगळी टोपी नसते, पेटणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो. तरीही वरच्या पातळीवरचे नेमबाज एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीच्या नळीत एकामागोमाग झाडून बघतात. त्यासाठी युरोपातल्या काही काडतूस कंपन्यांनी खास चाचणी-केंद्रेच उभारली आहेत. रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची, प्रत्येक लॉटच्या ठरावीक फैरी झाडायच्या, कागदावरच्या छिद्रांचा पसारा मोजायचा, आणि जो लॉट त्या नळीत सगळ्यात जवळ छिद्रे पाडतो, तो हंगामभरासाठी पेट्यांनी विकत घ्यायचा. शेजारच्या नेमबाजाला तोच लॉट चालेल असे नाही. त्याची नळी वेगळी, त्याची चाचणीही वेगळी होते.